शिक्षणक्षेत्रातील समाईक तंत्रमानके : विखुरलेल्या नोंदींना जोडणारी भाषा

शाळा सोडल्याचा दाखला हा मराठी घरांत सर्वांत जपून ठेवल्या जाणाऱ्या कागदांपैकी एक होय. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, पूर्वीची शाळा, इयत्ता आणि शाळा सोडल्याचे कारण इतका तपशील त्या एका पानावर असतो. गाव बदलले तरी पुढील शाळेचे मुख्याध्यापक तो वाचून विद्यार्थ्याला योग्य वर्गात बसवू शकतात, कारण दाखल्यात कोणते रकाने असावेत आणि त्यांचा अर्थ काय, हे शिक्षण खात्याने आधीच ठरवून दिलेले असते. संगणकीय नोंदींच्या बाबतीत मात्र हे आपोआप घडत नाही. शाळेची हजेरी एका प्रणालीत, परीक्षा मंडळाचे गुण दुसऱ्या, शिष्यवृत्ती तिसऱ्या आणि विद्यापीठाचा प्रवेश चौथ्या प्रणालीत, अशी स्थिती देशात अनेक वर्षे राहिली. या प्रणालींना परस्परांची माहिती विनासायास घेता-देता यावी, यासाठी ठरवलेल्या समाईक नियमांना तंत्रमानके म्हणतात आणि अशा देवाणघेवाणीच्या क्षमतेला आंतरकार्यक्षमता.

हा विषय वरकरणी केवळ संगणकतज्ज्ञांचा वाटतो. परंतु दोन नोंदी जुळल्या नाहीत, तर शिष्यवृत्ती अडते, प्रवेश लांबतो आणि त्रुटी दुरुस्त करून आणण्याचा भार बहुधा पालकांवर पडतो. त्यामुळे मानकांचा प्रश्न तंत्राइतकाच हक्काचाही आहे.

मानकांचे चार स्तर

दोन प्रणालींमधील देवाणघेवाण चार स्तरांवर जुळावी लागते. पहिला स्तर अक्षरांचा आहे. एका संगणकावर टंकलिखित केलेले देवनागरी नाव दुसऱ्या संगणकावर तसेच दिसले पाहिजे. दुसरा स्तर रचनेचा. कोणती माहिती कोणत्या क्रमाने आणि कोणत्या स्वरूपात पाठवायची, हे ठरलेले असले पाहिजे. तिसरा स्तर अर्थाचा. ‘उत्तीर्ण’, ‘गळती’ किंवा ‘श्रेयांक’ या शब्दांचा अर्थ दोन्हीकडे एकच असला पाहिजे. चौथा स्तर अधिकाराचा. कोणती माहिती कोणी, कोणत्या कारणासाठी आणि कोणाच्या संमतीने पाहावी, याचा नियम असला पाहिजे.

तारखेचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. ‘०५/०६/२०१२’ ही नोंद भारतात ५ जून अशी वाचली जाते, तर अमेरिकेत ६ मे अशी. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘आयएसओ ८६०१’ या मानकात प्रथम वर्ष, मग महिना आणि शेवटी दिवस असा क्रम निश्चित केला आहे. हा नियम पाळला तर संदिग्धता उरत नाही. एवढ्या साध्या बाबतीतही लिखित करार लागत असेल, तर गुणपत्रक किंवा अभ्यासक्रम यांसारख्या गुंतागुंतीच्या नोंदींसाठी तो किती आवश्यक आहे, याची कल्पना येते.

प्रारंभ कोठे झाला

संगणकाधारित शिक्षणसामग्रीच्या मानकांचा विचार प्रथम विमान उद्योगात रुजला. विमान कंपन्यांना वैमानिक आणि तंत्रज्ञ यांच्या प्रशिक्षणासाठी वेगवेगळ्या निर्मात्यांकडून पाठ घ्यावे लागत आणि प्रत्येक पाठासाठी निराळी यंत्रणा उभारणे खर्चिक ठरे. या अडचणीतून १९८८ मध्ये विमान उद्योगाची संगणक-प्रशिक्षण समिती स्थापन झाली. अमेरिकेच्या संरक्षण विभागाने १९९७ मध्ये दूरस्थ प्रशिक्षणासाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला. त्यातून २००० मध्ये ‘स्कॉर्म’ हे मानक पुढे आले. एकदा तयार केलेला पाठ कोणत्याही अध्यापन-प्रणालीत चालावा आणि विद्यार्थ्याने तो पूर्ण केला की नाही याची नोंद परत मिळावी, हा त्याचा हेतू होता.

१९९७ मध्येच अमेरिकेतील विद्यापीठांच्या पुढाकाराने ‘आयएमएस’ हा प्रकल्प सुरू झाला. पुढे त्याचे स्वतंत्र संस्थेत रूपांतर झाले आणि २०२२ पासून ही संस्था ‘वनएडटेक’ या नावाने ओळखली जाते. तिने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘एलटीआय’ या मानकामुळे विद्यापीठाच्या मुख्य अध्यापन-प्रणालीतून बाहेरील प्रयोगशाळा, चाचणी किंवा ग्रंथालय यांचे साधन पुन्हा वेगळी नोंदणी न करता उघडता येते. शालेय स्तरावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘स्कूल्स इंटरऑपरेबिलिटी फ्रेमवर्क’ तयार झाली. शाळेच्या प्रवेश-नोंदीत नवा विद्यार्थी आला की ग्रंथालय, भोजनगृह आणि शालेय वाहतूक या प्रणालींत त्याचे नाव पुन्हा टंकावे लागू नये, अशी तिची कल्पना होती.

या सर्व प्रयत्नांमागील हिशेब एकच होता. दहा प्रणाली परस्परांशी थेट जोडायच्या, तर प्रत्येक जोडीसाठी एक याप्रमाणे ४५ जोडण्या कराव्या लागतात. सर्वांनी एक समाईक मानक मान्य केले, तर प्रत्येकीला एकच, म्हणजे एकूण दहा जोडण्या पुरतात. प्रणालींची संख्या वाढत जाते तसा हा फरकही झपाट्याने वाढतो.

भारतातील वाटचाल : शाळेपासून विद्यार्थ्यापर्यंत

भारतात शालेय माहितीच्या एकसूत्रीकरणाचा पाया १९९० च्या दशकाच्या मध्यास घातला गेला. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या अनुषंगाने ‘डाइस’ ही जिल्हास्तरीय माहिती-प्रणाली सुरू झाली. या कार्यक्रमाच्या प्रारंभीच्या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. प्राथमिक आणि माध्यमिक शाळांची माहिती पुढे २०१२-१३ पासून ‘यूडाइस’ या एका प्रणालीत आणण्यात आली. २०१८-१९ पासून तिचे सुधारित रूप ‘यूडाइस प्लस’ अमलात आले.

या व्यवस्थेतील मूलभूत मानक म्हणजे शाळेचा ११ अंकी संकेतांक. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे, पुढील दोन जिल्ह्याचे, त्यानंतरचे दोन तालुक्याचे वा गटाचे, पुढील तीन गावाचे वा प्रभागाचे आणि शेवटचे दोन शाळेचे असतात. त्यामुळे महाराष्ट्रातील शाळांचे संकेतांक २७ ने, तर गोव्यातील ३० ने सुरू होतात. संकेतांक पाहताच शाळेचा ठावठिकाणा कळणे ही या रचनेची सोय होय. तिची मर्यादाही त्याच सोयीत दडलेली आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. अशा वेळी शाळेची इमारत जागची हलत नाही, परंतु संकेतांकातील जिल्ह्याचे अंक वास्तवाशी विसंगत ठरतात. ते बदलावेत तर जुन्या नोंदींशी असलेला दुवा जपावा लागतो आणि न बदलावेत तर संकेतांकाचा अर्थ चुकतो. ओळखक्रमांकात शक्यतो बदलणारी माहिती गुंफू नये, हा संगणकीय नोंदशास्त्राचा संकेत अशा अनुभवांतूनच रूढ झाला आहे.

दीर्घकाळ या प्रणालीत शाळेची एकत्रित पटसंख्या नोंदवली जात असे. अमुक शाळेत पाचवीत ४० मुले आहेत, एवढे कळे, परंतु ती ४० मुले कोण, हे राष्ट्रीय स्तरावर कळत नसे. राज्यांनी आपापल्या परीने पावले टाकली. महाराष्ट्रात २०१५ मध्ये ‘सरल’ प्रणाली सुरू होऊन विद्यार्थीनिहाय नोंदी घेण्यास प्रारंभ झाला. राष्ट्रीय स्तरावर २०२२-२३ पासून यूडाइस प्लसमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली. या बदलाचा परिणाम आकडेवारीतही उमटला. २०२१-२२ मध्ये देशातील विद्यार्थ्यांची संख्या सुमारे २६.५२ कोटी नोंदवली गेली होती. २०२२-२३ मध्ये ती २५.१७ कोटी आणि २०२३-२४ मध्ये २४.८० कोटी झाली. मोजणीची पद्धतच बदलल्याने नव्या आकड्यांची जुन्यांशी काटेकोर तुलना करता येणार नाही, असे शिक्षण मंत्रालयाने स्पष्ट केले. मोजण्याचे मानक बदलले की देशाच्या शिक्षणाचे चित्रही बदलून दिसते, याचे हे उदाहरण आहे.

नव्या व्यवस्थेत शाळा सोडणाऱ्या विद्यार्थ्याची संगणकीय नोंद ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये जाते आणि नवी शाळा त्याच्या कायम शिक्षण क्रमांकाच्या आधारे ती आपल्याकडे घेते. कागदी दाखल्याचे काम अशा रीतीने संगणकीय नोंद करू लागली आहे.

नाव जुळण्याचा प्रश्न

विद्यार्थ्याला क्रमांक देणे सोपे, परंतु दोन प्रणालींतील नावे एकाच व्यक्तीची आहेत हे ठरवणे कठीण असते. भारतात नाव लिहिण्याची एकच रीत नाही. महाराष्ट्रातील शाळांच्या जनरल रजिस्टरात बहुधा आडनाव प्रथम, मग स्वतःचे आणि शेवटी वडिलांचे नाव असते. दक्षिणेत अनेक ठिकाणी वडिलांच्या वा गावाच्या नावाची आद्याक्षरे लावतात आणि आडनाव नसतेच. प्रथम नाव, मधले नाव, आडनाव असे तीन सक्तीचे रकाने ठेवणारा अर्ज त्यामुळे देशातील कित्येकांना गैरसोयीचा ठरतो. बेळगावहून हैदराबादला किंवा पुण्याहून इंदूरला गेलेल्या मराठी कुटुंबांना हा अनुभव नवा नाही.

लिपीचा प्रश्न त्याहून सूक्ष्म आहे. भारतीय भाषांसाठी ‘इस्की’ ही संकेतावली तयार झाली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तिला मानकाचे रूप दिले. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मात्र निरनिराळ्या अक्षरवळणांच्या संकेतावल्या वेगळ्या असत आणि एका संगणकावरील मराठी मजकूर दुसऱ्यावर अगम्य चिन्हांच्या रूपात दिसे. केंद्र शासनाने ई-शासनासाठी युनिकोड स्वीकारल्यावर ही अडचण बरीच दूर झाली, पूर्णपणे मात्र नाही. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातील अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. एका पद्धतीत त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर दुसरीत ‘र’ला हलन्त लावून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. दोन्ही रूपे एका साच्यात आणून मगच तुलना करण्याची सूचना दिलेली नसेल, तर संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात.

रोमन लिपीत अडचण आणखी वाढते. ‘श्री’ हे अक्षर कोणी दोन ‘ई’ लावून लिहितो, कोणी एक ‘आय’ लावून. ‘अपार’ या १२ अंकी शैक्षणिक ओळखक्रमांकाची योजना २०२३ मध्ये सुरू झाल्यानंतर हीच बाब देशभर ठळकपणे समोर आली. हा क्रमांक तयार होण्यासाठी शाळेतील नाव आणि आधारवरील नाव यांचा मेळ बसावा लागतो आणि तो न बसल्याने अनेक विद्यार्थ्यांचे क्रमांक रखडले. शाळेच्या रजिस्टरातील नोंद बदलण्यास एक प्रक्रिया, आधारमधील बदलास दुसरी, असा दुहेरी फेरा पालकांना घालावा लागतो. मजुरी बुडवून शहरातील केंद्रावर जाणाऱ्या पालकासाठी एका अक्षराची ही किंमत कमी नाही.

पदवी आणि श्रेयांक

उच्च शिक्षणात मानकांचा उपयोग प्रमाणपत्रांच्या पडताळणीत दिसून येतो. नोकरी वा परदेशी प्रवेशासाठी विद्यापीठाकडून पदवीची सत्यता पडताळून घेण्यास पूर्वी बराच काळ लागे. ९ जुलै २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते राष्ट्रीय शैक्षणिक निक्षेपागाराचा प्रारंभ झाला. प्रारंभी समभागांच्या निक्षेपागार संस्थांमार्फत चालणारी ही सेवा २०२० मध्ये ‘डिजिलॉकर’कडे सोपवण्यात आली. डिजिलॉकरमध्ये संबंधित संस्थेने निर्गमित केलेला दस्तऐवज मूळ कागदाच्या बरोबरीचा मानण्याची तरतूद माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील नियमांत आहे.

त्यापुढील टप्पा ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’, म्हणजेच श्रेयांक बँकेचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये तिचे विनियम अधिसूचित केले. एका संस्थेत मिळवलेले श्रेयांक खात्यात जमा होतात आणि दुसऱ्या संस्थेत पदवीसाठी वापरता येतात. त्यांची ग्राह्यता सर्वसाधारणपणे कमाल सात वर्षे असते. ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रमांतून एका सत्रात ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेण्याची मुभा आयोगाने २०२१ मध्येच दिली. परंतु श्रेयांक म्हणजे नेमके किती अध्ययन, याचे उत्तर सर्वत्र एक असल्याशिवाय अशी बँक चालू शकत नाही. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने वर्षाला १२०० अध्ययन-तास आणि ४० श्रेयांक, म्हणजे ३० तासांना एक श्रेयांक असे प्रमाण ठरवून दिले. वजनमापे ठरली तरच बाजार चालतो, तसाच हा प्रकार. तरीही एका विद्यापीठाचे श्रेयांक दुसऱ्याने स्वीकारावेत की नाही, हा निर्णय अखेर शैक्षणिक विश्वासाचा राहतो.

पाठ्यपुस्तकातील चौकोन

मानकांचा सर्वांत परिचित आविष्कार पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड हा होय. जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीने १९९४ मध्ये वाहनांच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो विकसित केला. कंपनीने त्यावरील एकस्व अधिकार न गाजवता त्याचा वापर खुला ठेवला आणि २००० मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोडचा वापर केला. २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ हा पुरस्कार त्यांना मिळाला.

५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय मंचाने अनेक राज्यांची पुस्तके अशा कोडद्वारे संगणकीय सामग्रीशी जोडली. बालभारतीच्या पुस्तकांतही हे कोड आहेत. दीक्षाचा पाया असलेली ‘सनबर्ड’ ही संगणकप्रणाली मुक्तस्रोत आहे. त्यामुळे राज्यांना आपापल्या भाषेत आणि अभ्यासक्रमानुसार सामग्री देता येते, तंत्ररचना मात्र समाईक राहते.

शासकीय प्रणालींत शक्यतो स्वामित्वशुल्कमुक्त, खुली मानके वापरावीत, असे धोरण केंद्राने २०१० मध्येच स्वीकारले होते. २९ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय डिजिटल शिक्षण संरचनेने हाच विचार शिक्षणासाठी पुढे नेला. सर्व राज्यांनी एकच मध्यवर्ती प्रणाली वापरावी, असे ही संरचना सांगत नाही. राज्यांच्या प्रणाली वेगळ्या असाव्यात, परंतु त्यांनी समाईक मानकांद्वारे परस्परांशी बोलावे, अशी तिची धारणा आहे. शिक्षण हा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतील विषय असल्याने ही भूमिका देशाच्या रचनेशी सुसंगत ठरते.

स्थलांतरित मुलांची कसोटी

या साऱ्या व्यवस्थेची खरी परीक्षा ज्या मुलांची शाळा वारंवार बदलते, त्यांच्याबाबतीत होते. बीडसह मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे जातात व हंगाम संपल्यावर परततात. मुले मागे राहावीत यासाठी हंगामी वसतिगृहे आणि सोबत गेलेल्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असे उपाय महाराष्ट्रात करण्यात आले आहेत. हे कार्ड म्हणजे कागदी रूपातील आंतरकार्यक्षमताच होय. परंतु राज्याची सीमा ओलांडली की माध्यम, पाठ्यक्रम आणि नोंदप्रणाली या तिन्ही गोष्टी एकदम बदलतात.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमातील कलम ५ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत बालकाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे, मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यायचा आहे आणि दाखला येण्यास विलंब झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता वा नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधारविषयक निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, असे म्हटले आहे. संगणकीय नोंद ड्रॉप बॉक्समध्ये सापडली नाही किंवा नाव जुळले नाही, तरी बालकाचा वर्गात बसण्याचा हक्क त्यामुळे संपत नाही.

संमती आणि विश्वास

माहिती सहज वाहू लागली की ती कोठवर वाहावी, हा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेत गेट्स फाउंडेशन आणि कार्नेगी कॉर्पोरेशन यांच्या अर्थसाहाय्यावर, सुमारे १० कोटी डॉलर खर्चाचा ‘इनब्लूम’ हा प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. राज्यांतील विद्यार्थ्यांच्या नोंदी एकत्र साठवून त्या समाईक मानकांद्वारे उपलब्ध करून देण्याचा त्याचा उद्देश होता. मुलांची खासगी माहिती कोणाच्या हाती जाणार, याविषयी पालकांचे समाधान झाले नाही. राज्ये मागे हटली आणि एप्रिल २०१४ मध्ये प्रकल्प बंद करण्याची घोषणा झाली. वर मांडलेल्या चार स्तरांपैकी अखेरचा, अधिकाराचा स्तर दुबळा राहिल्याने हा डोलारा कोसळला.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ च्या अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील व्यक्तींच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. अपार क्रमांकासाठीही पालकांची संमती घेतली जाते. ही संमती समजून-उमजून दिलेली असावी, यासाठी संमतीपत्र पालकांच्या भाषेत असणे आणि नकार देण्याचा पर्याय त्यांना ठाऊक असणे आवश्यक ठरते.

समाईक मानकांमुळे शिक्षकाचे वारंवार माहिती भरण्याचे काम कमी होऊ शकते, बनावट प्रमाणपत्रांना आळा बसू शकतो आणि विद्यार्थ्याची शैक्षणिक वाटचाल त्याच्यासोबत राहू शकते. शिकवण्याची गुणवत्ता ती वाढवत नाहीत, शिक्षकांची रिक्त पदेही भरत नाहीत. त्यांचे यश किती प्रणाली जोडल्या गेल्या यावरून मोजण्याचा प्रघात आहे. नोंद न जुळल्यास दुरुस्तीची जबाबदारी व्यवस्थेने घेतली की पालकावर ढकलली, हा निकषही त्यात धरावा लागेल. ऊसतोड कामगाराचे मूल हंगामाच्या मध्यावर एखाद्या अनोळखी गावातील शाळेत गेले आणि त्याच दिवशी वर्गात बसू शकले, तर ही मानके आपल्या कामाला आली असे म्हणता येईल.